पाटी आत, गाडी उभी

यशवंतराव धानमेहेर साहेबांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. म्हणजे भांडत मी एकटीच होते, साहेब नुसते ऐकत उभे होते.

त्यांच्या साठीच्या या अंकात मोठी माणसं लिहिणार आहेत. त्यांच्या नोकरीबद्दल, शिस्तीबद्दल, संपातल्या आणि पुरातल्या दिवसांबद्दल ती लिहितील. समितीचे लोक माझ्याकडे आले तेव्हा मी म्हटलं, माझी शाळा चौथीची, आणि तीसुद्धा आंब्याच्या दिवसांत बुडवलेली. ते म्हणाले, आजी, बोलता तसंच लिहा. मी बोलायला लागले तर अंक केवढा जाड होईल ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. काना-मात्रा माझ्या सुनेने, मनीषाने, बघितल्या आहेत. ती वाक्यंही कापायला निघाली होती. ती मी कापू दिली नाहीत.

तर भांडण. माझी नात स्वरा तेव्हा अगदी तान्ही होती. मनीषा डहाणूत दातांच्या डॉक्टरांकडे कामाला आहे. दवाखाना एसटी स्टँडच्या समोरच, रस्ता ओलांडला की. तिची बाळंतपणाची रजा संपली. दवाखान्यात खोली एकच, आणि त्या खोलीतल्या खुर्चीत सारखं कोणीतरी तोंड उघडून बसलेलं. तिथे पाजणार कुठे? मग आम्ही सासू-सुनेने ठरवलं, दुपारी आमच्या कैनाडच्या गाडीने मी बाळाला घेऊन स्टँडवर यायचं. मनीषाने जेवणाच्या सुट्टीत येऊन पाजायचं आणि कामाला परत जायचं. मी बाळाला घेऊन परतीच्या गाडीने घरी. माझे मालक म्हणाले, एवढी उठाठेव कशाला, बाटली द्या. मी म्हटलं, तुम्हाला कोणी बाटली दिली होती का? मग ते गप्प बसले. आमच्या घरात ते शहाणे आहेत.

पहिल्याच दिवशी मी गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलरच्या, म्हणजे साहेबांच्या, केबिनच्या पायरीवर बसले, कारण सावली तेवढीच होती. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, इथे बसू नका, गाडी मागे येते. बाळ कळवळून रडत होतं. त्यांनी विचारलं, "आजी, बाळाची आई कुठे आहे?"

मी म्हटलं, "दातांच्या दवाखान्यात."

"फार दुखतंय का त्यांना?"

"दुखत काही नाही, नोकरी करते. आणि तुमच्या एवढ्या मोठ्या स्टँडवर दुसरीकडे सावली कुठे आहे ती दाखवा, मी आत्ता उठते."

दुसरा कोणी असता तर ओरडला असता. साहेबांनी खरंच मान वळवून सगळं स्टँड बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग आत गेले, स्वतःचं स्टूल आणलं आणि भिंतीच्या कोपऱ्यात ठेवलं. मनीषा धावत आली, स्टुलावर बसली. मी पदर आडवा धरला. पण माझा पदर केवढा, आणि स्टँडवरचे डोळे किती. शेंगदाणे खात उभा असलेला एक माणूस तर आमच्याकडे असा बघत होता जसं काही आमच्या अंगावर गाड्यांची वेळ लिहिली आहे. तेवढ्यात साहेब आले आणि आमच्याकडे पाठ करून मध्ये उभे राहिले. हातात कसले तरी कागद, ते वाचत. कोणी गाडीचं विचारलं तर तिथूनच उत्तर देत. बाळाचं होईपर्यंत ते हलले नाहीत, आणि एकदाही वळून बघितलं नाही.

लोक माणसाला तोंडावरून ओळखतात. मी साहेबांना पाठीवरून ओळखलं.

पण रोज रोज पाठ किती देणार? त्यांना गाड्या सोडायच्या असत. आणि मनीषाचं वेगळंच सुरू झालं. चारचौघांत बसायचं म्हणून ती आधीच आवळून यायची. बाळाने तोंड लावलं तरी पान्हा फुटत नसे. बाळ ओढायचं, सोडायचं, रडायचं. सुट्टी संपायची. ती तशीच डोळे पुसत रस्ता ओलांडून जायची आणि मी अर्धपोटी लेकरू घेऊन कैनाडच्या गाडीत बसायची. एका संध्याकाळी ती पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आली आणि फळीवर ठेवला. म्हणाली, आई, या महिन्यात जमलं तर जमलं, नाहीतर हा डबा उघडायचा, नाहीतर मी नोकरी सोडायची. नोकरी तिने कशी मिळवली होती ते मला माहीत होतं. आणि तो डबा मी फळीवर अगदी मागे सरकवला. ज्या आयांना दूधच येत नाही त्यांना डबा लागतो, त्यात काही वाईट नाही. पण इथे दूध होतं, बाळ होतं, आई होती. नव्हती ती फक्त बसायला जागा.

तरी खरं सांगते, खोली असावी हे डोक्यात आलं ते साहेबांच्या, माझ्या नाही. ते म्हणाले, स्टँडवर आयांसाठी एक बंद खोली पाहिजे. मी हसले. म्हटलं, साहेब, आम्ही चार पोरं पाजली. शेताच्या बांधावर पाजली, लग्नाच्या मांडवात पाजली, आम्ही कधी खोल्या मागितल्या का? आता माणसाला सगळ्याला खोली लागते.

साहेब मोठ्याने कधी बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "आजी, बांधावर पाजताना तुमच्यासमोर कोण बसलं होतं?"

मी आठवायला लागले. माझी जाऊ असायची, ती भाताची रोपं उपटत. बैल असायचा. आणि मालक, ते पण पाठ करून. शेंगदाणेवाला कोणी नव्हता. मांडवात तर बायकांची बाजू वेगळीच असायची. म्हणजे खोली आम्हाला होतीच, तिला भिंती नव्हत्या एवढंच. मी बाळाला उचललं आणि गाडीकडे निघाले. घरी जाताना गाडीत मात्र तेच डोक्यात.

साहेबांनी वर विचारलं. केबिनच्या मागे एक जुनी खोली होती, पूर्वी तिथे पार्सलं ठेवत. वरच्यांनी सांगितलं, बघा करून. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेपर्यंत ठेवा. कोणी वापरली तर ठीक, नाहीतर जत्रेच्या गर्दीत ती खोली सामानाला लागणार आहे. साहेबांनी खोली झाडून घेतली, चुना लावला, आतून कडी बसवली. साहेबांच्या घरच्या वहिनींनी आपल्या दोन जुन्या साड्यांचे पडदे शिवून दिले. एक पडदा मोराच्या काठाचा होता. मी वहिनींना म्हटलं, अहो, ही तर नेसायला चांगली होती. त्या म्हणाल्या, नेसून मी एकटीच दिसले असते, इथे कितीजणी झाकल्या जातील. वहिनींबद्दलसुद्धा या अंकात कोणीतरी लिहायला पाहिजे.

खोली सुरू झाली, आणि कोणी येईना. मनीषा येई, तेवढीच. तिला तिथे पहिल्याच दिवशी पान्हा फुटला, बाळ पिऊन पिऊन झोपलं, मी बाहेर पायरीवर बसून देवाला हात जोडले. पण एकट्या मनीषासाठी खोली कोण ठेवणार? बाकीच्या बायका पूर्वीसारख्याच उकिडव्या बसून, बाकाच्या मागे, टपरीच्या आडोशाला पाजत. साहेब दारावरची अक्षरं बघत, पडदा नीट करत, आणि जत्रा जवळ येत होती. त्यांना बायकांना विचारता येईना. एवढा मोठा माणूस, खाकी कपड्यातला, अंगावरच्या दुधाचं कसं विचारणार? ते मला म्हणाले, आजी, तुम्ही विचाराल का?

मला काय, मी कोणालाही काहीही विचारते. गंजाडची एक बाय होती, डोक्यावर भाजीची टोपली, कडेवर पोर. मी तिला म्हटलं, अगो, तिकडे खोली आहे, पंखा आहे, जा की. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आत बसली आन गाडी गेली, तं मंग गंजाडला काय तुझ्या पाठीवर बसून जाऊ?"

एवढं साधं होतं. खोलीचं दार मागच्या बाजूला. आतून गाडी दिसत नाही, आणि पोर अंगावर असताना बाईला धावता येत नाही. दुपारची गंजाडची गाडी गेली की पुढची थेट उन्हं उतरल्यावर. मनीषाला गाडी पकडायची नव्हती, म्हणून आम्हाला हे सुचलंच नाही. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला नाही की काही नाही. केबिनमध्ये जाऊन पाट्यांकडे बघत बसले.

पाट्या म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेत गावाच्या नावाच्या लागतात त्या. आपल्याकडे त्या केबिनमध्ये खिळ्यांना टांगलेल्या असत. ड्रायव्हरने यायचं, आपली पाटी न्यायची, काचेत लावायची, मग गाडी सुटायची. पाटीशिवाय गाडी सोडायची नाही हा साहेबांचा जुना नियम. एकदा बिनपाटीच्या गाडीत बसून एक म्हातारं माणूस भलतीकडेच जाऊन उतरलं होतं, तेव्हापासूनचा.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना बोलावून सांगितलं. जी आई खोलीत जाईल ती आपल्या गाडीची पाटी आत घेऊन जाईल. पाटी बाहेर आली की गाडी सुटेल.

गोविंदराव ड्रायव्हर जिभेचे तिखट. ते म्हणाले, "साहेब, मग टाइमटेबल आता बाळांनाच विचारून लावा."

साहेब म्हणाले, "लावलं असतं. ती तुमच्यापेक्षा वेळेवर रडतात."

सगळं स्टँड हसलं. पण गोविंदरावांना ते लागलं, असं मला वाटलं.

झालं, बायका येऊ लागल्या. आधी गंजाडची बाय. पाटी छातीशी धरून अशी आत गेली जशी काही बक्षीस घेऊन चालली आहे. मग बाकीच्या. मी दारात बसून राखण करायची, कारण साहेबांनी दारावर "फक्त आई व बाळ" असं आधी लिहिलं होतं ते मी खोडायला लावून "सोबतची बाई" असं घालून घेतलं होतं. आमच्याकडे तान्ह्या पोराला घेऊन एकटी कोण फिरतं? गाडीची वेळ जवळ आली की साहेब भोंग्यावरून सांगत. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, गंजाडच्या बाईंनी सावकाश घ्यावं, गाडीला अवकाश आहे. स्टँडभर खसखस पिकली आणि आतली बाय लाजून बाहेरच येईना. मग साहेबांनी शब्द बदलले. "गंजाड गाडीची पाटी सावकाश आणावी." एवढंच. ज्याला कळायचं त्याला कळे.

अडचणीही झाल्या, त्या लपवत नाही. एकदा पाटी उशिरा बाहेर आली आणि एका मास्तरांची पुढची गाडी चुकली. ते साहेबांवर तावातावाने आले. साहेबांनी त्यांची माफी मागितली, आत बसवून चहा दिला, आणि दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरला सांगून त्यांची पुढची सोय केली. मला वाटलं आता नियम मोडणार. साहेब म्हणाले, चूक गाडीची वेळ घट्ट लावण्यात आहे, ती मी मोकळी करतो. आणि केली. दोघांचंही ऐकायचं, पण दुबळ्याचं आधी, ही त्यांची रीत.

आणि एकदा गंजाडची पाटीच हरवली. खोलीत नाही, केबिनमध्ये नाही, गाडीत नाही. गाडी पुठ्ठ्यावर नाव लिहून सोडली, तर गंजाडचे लोक पुठ्ठा बघून चढेनात, ही आपली गाडी नाही म्हणाले. सकाळी ती बाय हजर. पोर झोपलं होतं, त्याला टोपलीत घालताना खाली आधार म्हणून तिने पाटी ठेवली आणि विसरून तशीच घरी घेऊन गेली. एक रात्र पाटी तिच्या घरी राहिली. घरी मुक्कामाला आलेलं काही तसंच कोरडं परत पाठवायचं नाही, म्हणून तिने ती धुतली, पुसली, वर हळदकुंकू लावलं आणि सोबत वालाच्या शेंगा दिल्या. कंडक्टर कुंकू पुसायला निघाला. साहेबांनी त्याचा हात धरला. पुढे कितीतरी दिवस गंजाडची गाडी कपाळाला कुंकू लावून फिरत होती.

मग चैत्र आला. महालक्ष्मीची जत्रा. स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही. मनीषाला सुट्टी होती. आम्ही स्वराला देवीच्या पायावर घालायला निघालो. विवळवेढ्याची गाडी भरली, आणि तेवढ्यात स्वराने टाहो फोडला. मनीषा पाटी घेऊन आत गेली. आणि नेमके तेव्हाच वरचे मोठे साहेब आले. खोली बघायला आणि बंद करायला, दोन्ही एकदम.

त्यांनी बघितलं तर गाडी माणसांनी फुटायला आलेली आणि जागची हलत नाही. विचारलं, का थांबली? कंडक्टर म्हणाला, पाटी आत आहे. मोठे साहेब तापले. म्हणाले, पाटी घेऊन या. धानमेहेर साहेब त्यांच्यासमोर उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीएवढाच होता. "साहेब, आत आई आहे. पाटी मी आणू शकत नाही, आणि तुम्हीही आणू शकत नाही."

"मग पाटीशिवाय सोडा गाडी."

मी दारात बसले होते. म्हटलं संपलं, आता खोली गेली, आणि घरी फळीवर तो डबा वाट बघतोय. मोठे साहेब गोविंदरावांकडे वळले, कारण त्या दिवशी गाडीवर गोविंदरावच होते. मला वाटलं आता हे मागचा हिशोब काढणार. गोविंदरावांनी चावी खिशात टाकली. म्हणाले, "बिनपाटीची गाडी मी चालवत नाही, साहेब. शिस्त आहे."

आणि खिडकीतून एक म्हातारी, कुठल्या गावची कोण जाणे, डोकं बाहेर काढून म्हणाली, "आम्हाला घाई नाय. लेकरू उपाशी ठेवून गेलो तं देवी काय तोंड बघणार आमचं?"

गाडीतल्या बायका हो हो म्हणाल्या. पुरुष पण म्हणाले, जरा उशिराने. मोठे साहेब बाजूला खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

जरा वेळाने कडी वाजली. मनीषा बाहेर आली. खांद्यावर स्वरा, झोपलेली, ओठाच्या कडेला दूध. हिला बाहेरचं काहीच माहीत नाही. दारात जो पहिला माणूस दिसला त्याच्या हातात तिने पाटी दिली आणि म्हणाली, "घ्या दादा, झालं हो. थांबलात, देव तुमचं भलं करो."

मोठे साहेब पाटीकडे बघत राहिले. मग बाळाकडे. मग चालत गाडीपर्यंत गेले आणि स्वतःच्या हाताने पाटी काचेत लावली. परत येऊन धानमेहेर साहेबांना एवढंच म्हणाले, "ही खोली सामानाला तशीही लहान पडली असती."

त्या दिवशी देवीपुढे मी काय मागितलं ते सांगत नाही. स्वरासाठी मागायचं विसरले, एवढं सांगते.

खोली राहिली. नंतर तलासरीकडची माणसं येऊन बघून गेली, दार कुठे, कडी कुठे, पाटी कशी, सगळं विचारून. कोणी मला विचारतं, आजी, स्टँडवर अशी खोली खरंच लागते का, बायका आधी करतच होत्या ना? मी सांगते, करत होत्या, तशा आम्ही रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात पण राहत होतो. आणि नुसती खोली बांधून उपयोग नाही. आत बसलेल्या आईला वाटलं पाहिजे की बाहेर कोणीतरी आपल्यासाठी थांबलंय. साहेबांनी ते थांबणं बांधलं.

पावडरचा तो डबा उघडलाच नाही. मुदत संपल्यावर रिकामा केला, आता त्यात मी मेथ्या ठेवते. स्वरा पळायला लागली आहे. स्टँडवर गेली की साहेबांच्या जुन्या केबिनकडे बोट दाखवते. साहेब निवृत्त झाले तरी संध्याकाळी तिथे एक चक्कर मारतात, आणि पाठ अजून तशीच ताठ आहे. आता दिव्याच्या अक्षरांच्या नव्या गाड्या आल्या. त्यांना पाटी लागत नाही. तरी जुन्या पाट्या खोलीबाहेर खिळ्यांना टांगलेल्या आहेत. आई आत जाताना आपल्या गावाची काढून नेते, आणि रिकामा खिळा दिसला की कंडक्टर थांबतो. गंजाडच्या पाटीवर कुंकू अजून आहे. कोण लावतं विचारू नका.

आणखी एक. मनीषा म्हणत होती हे अंकात नको, पण मी घालणारच. आमच्याकडे पाळणा पुन्हा हलणार आहे. म्हणजे माझी दुपारची कैनाडची गाडी पुन्हा सुरू.

तर धानमेहेर साहेब, साठी झाली म्हणून कोणी तुम्हाला वय सांगायला लागलं तर ऐकू नका. वरच्या गावाला जी गाडी जाते, ती प्रत्येकाची असते, तुमची पण असेल. पण तिची पाटी आम्ही आयाबायांनी आपल्या खोलीत नेऊन ठेवली आहे, आतून कडी लावून. आता आत गंजाडचं एक पितंय, मग कैनाडचं बसेल, मग विवळवेढ्याचं, मग आमचं येणारं. एकाचं होतंय तोवर दुसरं रडतंय. ती पाटी इतक्यात काही बाहेर येत नाही. तुम्ही तब्येत सांभाळा, वहिनींच्या हातचं पोटभर जेवा, आणि सावकाश बसा. गाडीला भरपूर अवकाश आहे.